गोजराबाईने अंगात घातलेलं जाकीट

केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. प्रत्यक्ष बघितलं ते बेटेगावच्या कारखान्यात, आणि गळा होता आमच्या गोजराबाईचा. सांगताना अजून माझं डोकं फिरतं, म्हणून मध्येच आवाज चढला तर चढू द्या.

मी दमयंती, घिवलीची. गोजरा दांडी गावची, मासे धरणाऱ्या मांगेल्यांची. नवरा दामू होडीवर जातो आणि ही घरी जाळी विणायची. तिच्या बोटांना डोळे आहेत असं दांडीत म्हणतात. फाटकं जाळं मांडीवर घेऊन ती गप्पा मारत बसायची, खाली बघायचीसुद्धा नाही, आणि गप्पा संपेपर्यंत जाळं सांधलेलं असायचं. तिला कारखान्यात आणलं शैलेशने. हा शैलेशही आमच्या घिवलीचाच. याची आई दिवसभर वाडीत राबायची, तेव्हा हा शाळा सुटली की दप्तर घेऊन सरळ दांडीला गोजराकडे. तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊनच तो वाढला. तेव्हापासून ती त्याची मावशी. पुढे शैलेशने बेटेगावला गाळा घेतला आणि बुलेटप्रूफ जाकिटं बनवायला काढली, तेव्हा तो स्वतः दांडीला जाऊन म्हणाला, "मावशी, तुझ्यासारखा हात मला कुठे मिळणार? चल माझ्याकडे." ती हुरळून गेली बिचारी. पोटचं पोर नाही तिला. पोराने बोलवावं तशी गेली.

आता हे जाकीट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वरून साधं जाड कापड असतं, पुढे एक खिसा, मागे एक खिसा. त्या खिशांत एकेक पॅनल सरकवायचं. खरं काम त्या पॅनलचं. आत एका पिवळ्या कापडाचे थरावर थर आणि वरून काळं, पाणी न शिरणारं आवरण, चारी बाजूंनी बंद. आम्ही बायका शिवायचो ते वरचं कापड आणि पट्टे. पॅनलं शैलेश बाहेरून बनवून आणायचा. आत काय आहे ते आम्हाला कधी दिसायचं नाही. आणि एक सक्त ताकीद होती, काळ्याला सुई लावायची नाही.

जाकिटं घेणारी एक सिक्युरिटी कंपनी होती, पैशांच्या गाड्यांवर पहारेकरी देणारी. त्यांचे साहेब म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. पहिल्या आठवड्यात ते स्वतः आले आणि टेबलावर तीन काडतुसं उभी केली. एक इवलंसं, शेंगदाण्याएवढं. ते पॉइंट टू-टूचं. दुसरं बुटकं, बोथट तोंडाचं, नऊ एमएमचं, पिस्तुलाचं. तिसरं लांब आणि टोकदार, रायफलचं. सुभेदार म्हणाले, "बायांनो, तुमचं जाकीट या पहिल्या दोन्हींसाठी. पिस्तुलाची गोळी मऊ शिशाची असते, वरून तांब्याचा पत्रा. कापडात शिरली की चेपते, पसरते आणि थरांत अडकून बसते. रायफलची गोळी टोकदार आणि तिचा वेग दुप्पट-तिप्पट. ती या कापडाला भीक घालत नाही. तिच्यासाठी कापडाच्या पुढे कडक प्लेट लागते. तुमच्या जाकिटात प्लेट नाही, म्हणून कुणाला खोटी हमी देऊ नका."

गोजरा लगेच म्हणाली, "म्हंजे जाळंच हाय हे. पापलेट घुसलं की जाळं जरा सैल पडतं आणि त्याला धरून ठेवतं. सुईसारख्या तोंडाचा मासा असला की निसटून जातो."

"अगदी तसंच," सुभेदार हसून म्हणाले. "आणि तुमच्या जाळ्यासारखंच हेही म्हातारं होतं. ऊन, घाम, ओल यांनी कापडाचा जोर जातो. म्हणून प्रत्येक पॅनलवर तारीख असते. काही वर्षांनी ते फेकून द्यायचं."

आमची कमळी, डोंगराकडची, जिभेला हाड नाही तिच्या, म्हणाली, "आमच्या नवऱ्यांवर पण अशी तारीख टाका ना सायेब!" सुभेदारसुद्धा लाजले.

तर अशी सुरुवात झाली. हसतखेळत.

आता दांडीची एक रीत सांगते. पावसाळ्यानंतर होडी पहिल्यांदा समुद्रात जाते तेव्हा घरधन्याच्या शर्टात डावीकडे आतून एक पुडी शिवतात. पिवळ्या चिंधीत गावदेवीचा चिमूटभर अंगारा. पण ती पुडी कुणीही शिवून चालत नाही. जिच्या घरचा माणूस समुद्राने कधी नेला नाही, तिचाच हात लागतो. आणि अंगात घालणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही. कळलं की माणूस निर्धास्त होतो आणि निर्धास्त माणूस बुडतो, असं तिथल्या बायका म्हणतात. दांडीत असा हात गोजराचा. नारळी पौर्णिमा जवळ आली की तिच्या ओटीवर शर्टांचा ढीग पडायचा. सगळ्या गावाचे नवरे आणि मुलगे तिच्या सुईतून समुद्रावर जायचे म्हणा ना. पोर नसल्याचं दुःख ती त्या ढिगात विसरायची. तिच्याकडे दागिना नाही, जमीन नाही, होतं काय ते हे नाव.

मग ही बाई जाकिटं शिवताना गप्प बसेल? "कुणाचा तरी पोरगाच घालील ना गं दमयंती," मला म्हणाली, आणि प्रत्येक जाकिटात डावीकडे एकेक पुडी जायला लागली. आम्हा सगळ्या बायकांना माहीत होतं. कमळी तर घरून पिवळ्या चिंध्या आणून द्यायची. पण गोजराने एक चूक केली. वरच्या कापडाला पुडी शिवली तर गाठ दिसते, तपासणीत सापडते, म्हणून तिने ती काळ्या आवरणालाच दोन टाके घालून अडकवली. मी एकदा म्हटलं, "अगं, काळ्याला सुई नको म्हणालेत." तर म्हणते, "जाळ्याचा एक फास तुटला म्हणून कुणी जाळं टाकतं?"

माल तयार झाला. त्यातली दोन जाकिटं चाचणीला गेली आणि नऊ एमएमची गोळी दोन्हीतून आरपार.

सुभेदारांनी जाकीट उसवलं, तर पुडी निघाली.

दुसऱ्या दिवशी शैलेशने गोजराला केबिनमध्ये बोलावलं. शिवणाऱ्या बायकांची लाइन माझ्या देखरेखीखाली होती म्हणून मलाही. टेबलावर ती पिवळी पुडी ठेवलेली. शैलेश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रडवेला होऊन बोलत होता. "मावशी, हे काय केलंस गं? तुझ्या सुईच्या भोकातून ओल आत शिरली. ओल शिरली की कापड मेलं. हे जाकीट एखाद्या पोराच्या अंगावर असतं तर?"



मी म्हटलं, "शैलेश, दोन टाक्यांनी? परवा शिवलं आणि आज ओल शिरून सडलंसुद्धा? भजी आहेत का ती मऊ पडायला?"

"काकी, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" तो माझ्यावर खेकसला आणि परत तिच्याकडे वळला. आवाज पुन्हा मधासारखा. "मावशी, सुभेदार ऑर्डर रद्द करतो म्हणतो. गाळा बंद पडला तर या सगळ्या बायका घरी बसतील. तू फक्त त्याला सांग, की चूक माझी आहे, शेठला माहीत नव्हतं. मग तो आणखी एक संधी देईल. तुला काही होऊ देणार नाही मी. मी आहे ना!"

'मी आहे ना' म्हणणाऱ्याचा मला तेव्हापासून राग येतो.

तिने सांगितलं. सुभेदार आले, त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, मीच पापी." सुभेदारांनी आमच्याकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला हे माहीत होतं?" मी म्हटलं, "सगळ्यांना." पण माझ्या मागे बघते तर सगळ्यांच्या माना खाली. चिंध्या पुरवणारी कमळी मशीनमध्ये तेल घालत होती. मेलीने तेवढ्यात मशीनला तेल घालायचं काढलं!

मग जे व्हायचं ते झालं. बेटेगावची गोष्ट दांडीला पोचायला किती वेळ लागतो? गोजराच्या पुडीने जाकिटं फुटली, तिची सुई अपशकुनी झाली, असं बायका नळावर बोलायला लागल्या. नारळी पौर्णिमा जवळ आली. ओटीवर एक शर्ट आला नाही. दामू बिचारा सकाळ-संध्याकाळ अंगणात येरझारा घालायचा, कुणी आलंच तर निदान दारात माणूस दिसावा म्हणून. मी भेटायला गेले तर गोजरा स्वतःचा हात मांडीवर उलटा-सुलटा करून बघत बसली होती. "दमयंती, माजा हात बाटला गं," म्हणाली. "आता हा हात घेऊन मी जगू कशी?"

मी तिला वेडी म्हटलं, मूर्ख म्हटलं, तोंडाला येईल ते बोलले. पण तिला ते खरंच वाटत होतं. शैलेश खोटं बोलेल हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

सुभेदारांनी दुसरी संधी दिली. नवीन जाकीट आणा, माझ्यासमोर चाचणी होईल आणि ती बाई तिथे हजर पाहिजे, असं म्हणाले. शैलेश लगेच दांडीला धावला. "मावशी, यावेळी पॅनल कोरं, नवीन आणलंय. तुझ्या एकटीच्या हाताने शीव. पुडी घालू नकोस. हे जाकीट जगात कुठे फुटणार नाही. सगळ्यांसमोर तुझा हात स्वच्छ होईल." गोजराच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांनी रंग बघितला. तिने ते जाकीट एकटीने शिवलं. पट्टे दोनदा उसवून परत लावले. काळ्याला सुई सोडा, नखसुद्धा लागू दिलं नाही.

चाचणीची जागा पालघरच्या पुढे, डोंगराच्या पोटात, एका बंद पडलेल्या दगडखाणीत होती. शैलेशच्या गाडीतून तो, गोजरा आणि मी गेलो. मी गेले ते तिला एकटं सोडायचं नाही म्हणून. तिथे लाकडी चौकटीत चिकणमातीसारख्या मातीचा मोठा ठोकळा ठेवला होता. जाकीट त्या ठोकळ्यावर बांधायचं, गोळी मारायची आणि मग मातीत खळगा किती पडला ते बघायचं. गोळी अडली तरी खळगा फार खोल पडला तर माणसाच्या बरगड्या मोडतात, असं सुभेदारांनी सांगितलं. माती म्हणजे माणसाची छातीच समजा.

सुभेदारांनी पिस्तूल भरलं. जाकीट हातात घेऊन ते शैलेशला गमतीने म्हणाले, "काय शेठ, एवढी खात्री आहे तर मातीला कशाला त्रास? तुम्हीच घाला अंगात."

शैलेश हसला. "साहेब, मला बायको-पोरं आहेत हो."

सुभेदारांची दोन माणसंही हसली. गोजरा हसली नाही. ती पुढे झाली, सुभेदारांच्या हातातून जाकीट घेतलं आणि डोक्यातून अंगात घातलं. लुगड्यावर जाकीट. "मला पोरं नाय, सायेब," म्हणाली. "मारा. माज्या हाताचं हाय. फुटलं तर माजा हात खोटा आणि मीपण खोटी. मंग राहून काय करू?"

मी सुभेदारांच्या पायाशी गेले, त्यांचे पाय धरले, काय बोलत होते देव जाणे. सुभेदार माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या डोक्यावरून शैलेशकडे बघत होते. हसू कधीच गेलं होतं त्यांचं. अगदी सावकाश त्यांनी विचारलं, "शेठ, तुम्ही काय म्हणता?"

एक शब्द बोलायचा होता. 'नको' म्हणायचं होतं फक्त. मावशीचं वय झालंय म्हणाला असता, कायद्यात बसत नाही म्हणाला असता, काहीही चाललं असतं.

शैलेश म्हणाला, "साहेब, मावशीचा विश्वास आहे आमच्या मालावर. तुम्हीच बघा आता."

देवा रे! माल विकत होता तो! ती तिथे छाती काढून उभी आणि हा तिच्या छातीवर माल विकत होता.

सुभेदारांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. गोजराजवळ गेले, स्वतःच्या हाताने तिचे पट्टे सोडवले आणि जाकीट काढून घेतलं. "आई, माणसावर चाचणी करत नाहीत. पाप असतं ते," एवढंच म्हणाले. जाकीट मातीच्या ठोकळ्यावर बांधलं आणि सगळ्यांना मागे केलं.

आवाज डोंगरात घुमला. कावळे उडाले. सुभेदारांनी जाकीट उचललं, तर मातीत खळगा नव्हताच. जाकीट आरपार फुटून मातीत भोक पडलं होतं आणि त्यात बोट घातलं तर आत जात होतं.

गोजरा स्वतःच्या हाताकडे बघायला लागली, तेवढ्यात सुभेदारांनी सुरी काढली आणि पॅनलचं काळं आवरण उभं चिरलं. आतलं कापड पिवळंधमक असायला हवं होतं. ते होतं काळपट, तपकिरी. घामाचे डाग. कडेला जुन्या शिवणीच्या भोकांची रांग, कुठल्या तरी दुसऱ्याच जाकिटाची. आणि एका थरावर छापलेली तारीख, कधीच उलटून गेलेली. फेकून दिलेल्या जाकिटांचं कापड आणून, परत कापून, त्यावर नवं काळं आवरण चढवलं होतं.

"हे कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं आहे," सुभेदार म्हणाले. "मागची दोन्हीही हीच असणार. आई, तुमच्या पुडीने काही बिघडलं नव्हतं. तुमचा हात चांगला आहे."

पुढचं थोडक्यात सांगते. ऑर्डर गेली, पोलिसांत तक्रार झाली, गाळ्याला कुलूप लागलं. आणि आमच्या बायका? त्या शैलेशला शिव्या देतील असं वाटलं होतं मला. नाही हो. कमळी मला बोईसरच्या बाजारात भेटली तर म्हणते, "गोजराबाय गप्प राहिली असती, पुढं पुढं केलं नसतं, तर आमचं काम टिकलं असतं." मी भर बाजारात तिची अशी हजेरी घेतली की मासळीवाल्या बायका बघत राहिल्या. पण त्याने काय होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी, हे काय आजचं आहे?

पण मला झोप लागू देत नाही ती परतीची वाट. सुभेदार म्हणाले होते, माझ्या जीपमधून सोडतो. गोजरा म्हणाली, "नको. ह्याने आणलं, हाच सोडील." मला वाटलं, शॉकच बसलाय हिला, कळत नाहीये काय बोलते ते. बसलो गाडीत. शैलेश गाडी चालवत होता, ती पुढे त्याच्या शेजारी, मी मागे. मी तोंडाला येईल ते बोलून घेतलं, बोलून बोलून दमले. गोजरा समोर रस्त्याकडे बघत होती.

मासवण गाव मागे पडल्यावर शैलेशच म्हणाला, "मावशी, धंद्यात अडकलो होतो मी, नव्या कापडाला पैसे नव्हते, वाटलं यावेळी निभावेल, चुकलं माझं. पण एक गोष्ट मनात धरू नकोस. सुभेदार तुझ्यावर गोळी मारणारच नव्हता. असं कुणी करतं का? मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी अडवलं नाही."

"गाडी थांबव," गोजरा म्हणाली.

त्याने गाडी बाजूला घेतली. तिने दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि मग वळून त्याच्याकडे बघितलं. आवाज अगदी शांत. मी इतकी वर्षं ओळखते तिला, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तुला मायती होतं. मला नव्हतं ना, शैलेश. मी तर मरायलाच उबी राहिली होती. डावीकडचा पट्टा काय केल्या लागत नव्हता." ती थांबली. "तेव्हा तू पुढं आलास. मला वाटलं, काढतोस जाकीट. तू पट्टा आवळून दिलास."

ते मी बघितलं नव्हतं. मी तेव्हा सुभेदारांचे पाय धरून बसले होते. मी शैलेशकडे बघितलं, निदान 'नाही' तरी म्हणेल म्हणून. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.